लुआंचा सोमवारचा बाजार आणि बिस्त्रोतलं जेवण

आई-बाबांना घेऊन फ्रान्समधल्या दिजों शहरातून एका दिवसात जाऊन येता येईल असं बाजाराचं गाव आणि तिथला जुन्या धाटणीचा बिस्त्रो, म्हणजे छोटं साधं हॉटेल, तुम्हाला हवाय. आई शाकाहारी, बाबा चिकन खातात पण बीफ-पोर्क नाही, मग जमेल का, असं विचारलंय. जमेल. मी दिजोंला चौदा वर्षं राहतेय. पाहुणे आले की मी त्यांना लुआं या गावाला नेते, तेही सोमवारीच.

फ्रान्समध्ये सोमवारी कितीतरी हॉटेलं बंद असतात. लुआंत उलटं, कारण तिथला आठवडी बाजारच सोमवारचा. दिजोंहून रेल्वेने जाता येतं, सकाळची गाडी धरा. मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या घरांखाली १५७ कमानी आहेत. पाऊस असला तरी त्यांच्या खालून निवांत हिंडता येतं. पण आधी कोंबड्यांच्या बाजारात जा. लुआंच्या आसपासच्या ब्रेस भागातली कोंबडी पांढरीशुभ्र, तुरा लाल आणि पाय निळे. पाय खरोखरच निळे असतात, बाबांना जवळून दाखवा. १९५७ पासून या कोंबडीच्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. प्रत्येकीला निदान दहा चौरस मीटर गवताळ रान मिळायला हवं, खायला मका, गहू आणि दूध.

आता जेवणाचं. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेळ. दुपारचं जेवण बारा ते दोन, त्यानंतर स्वयंपाकघर बंद. पहिल्या वर्षी आम्ही लहान मुलाला घेऊन दोन वाजून दहा मिनिटांनी पोचलो, तर दारातूनच नकार मिळाला. शेवटी पाव आणि कोंते चीज विकत घेऊन सेय नदीच्या काठी बसून खाल्लं. तेव्हा मला फार राग आला होता. आता कळतं, तिथे पहाटेपासून एक-दोन माणसंच राबत असतात. तुम्ही आदल्या आठवड्यात फोन करून बाराचं टेबल सांगून ठेवा आणि आईंचं पथ्य त्याच फोनवर सांगा. ऐन गर्दीत सांगितलं तर फक्त सॅलड मिळतं, आधी सांगितलं तर मनापासून काहीतरी करून देतात.

आत शिरताना ‘बोंजूर’ म्हणायचंच, नुसता हात हलवून वेटरला बोलवायचं नाही. तिथे ‘मन्यु’ म्हणजे ठरावीक किमतीचं पूर्ण ताट, आपण ज्याला मेन्यूकार्ड म्हणतो ते ‘कार्त’. फळ्यावर खडूने लिहिलेला ‘प्ला द्यु जूर’ म्हणजे त्या दिवशीचा पदार्थ. बाजाराच्या दिवशी मी शक्यतो तोच घेते. पाव बिलात वेगळा लागत नाही. ‘काराफ दो’ मागा, नळाचं पाणी फुकट येतं. सेवेचे पैसे किमतीत धरलेलेच असतात.

लुआंत सोमवारी सकाळी नऊ-दहालाच लोक ‘तेत द व्हो’ खायला बसतात. ते वासराचं डोकं असतं, तेव्हा हे नाव बाबांना आधीच सांगून ठेवा. त्यांच्यासाठी सायीच्या रस्स्यातली ब्रेसची कोंबडी घ्या. शेजारच्या ज्युरा भागाची पिवळी वाईन आणि मोरेल अळंबी घालून केलेली मिळाली तर तीच घ्या. मांस घट्ट असतं, हाडाला धरून राहतं, रस्सा पावाने पुसून खायचा. महाग आहे, पण त्या गावात जाऊन दुसरं चिकन खाण्यात अर्थ नाही.

आईंबद्दल नीट लक्ष द्या. नुसतं ‘व्हेजेतारियँ’ म्हणून थांबू नका. तिथे शाकाहारात अंडं धरलेलं असतं आणि मासळी चालेल असं समजणारेही भेटतात. ‘सां व्यांद, सां प्वासों, सां लार्दों’ असं स्पष्ट म्हणा: मांस नको, मासे नकोत, डुकराच्या चरबीदार मांसाचे तुकडे नकोत. हे लार्दों सॅलडमध्ये, कीशमध्ये (अंडं-सायीचा खारा पाय) कुठेही निघतात. सूपला बहुतेकदा हाडांचं पाणी असतं, ते टाळाच. गरम शेळीच्या चीजचं सॅलड, साय-दुधात भाजलेले बटाट्याचे काप हे आईंना आवडेल. मात्र कोंतेसारख्या चीजला वासराच्या पोटातलं विरजण असतं. आई याबाबतीत कडक असतील तर त्यांना हे आधी सांगा, खाल्ल्यावर नको.

एक गोष्ट त्यांना आवर्जून दाखवा: ‘गोद’, म्हणजे भाजलेल्या मक्याच्या पिठाची लापशी. पूर्वी ब्रेसचे लोक हीच खाऊन राहायचे, म्हणून त्यांना ‘पिवळ्या पोटाचे’ म्हणतात. बिस्त्रोत ती क्वचितच मिळते, पीठ मात्र बाजारात शोधा. घरी दुधात शिजवा, भाजल्याचा वास लगेच ओळखीचा वाटेल.

जेवणात चीज गोडाच्या आधी येतं आणि कॉफी गोडानंतर, ती आधी मागू नका. परतीच्या गाडीसाठी बेकरीतून ‘कोर्निऑत’ नावाची तीन टोकांची पेस्ट्री घ्या. तिच्यात अंडं असतं, आणि आई अंडं खातात की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. तेवढं कळवा, म्हणजे फोनवर फ्रेंचमध्ये नेमकं काय बोलायचं ते इथे लिहून देते.