घडीचा चाकू उघडायला जड जातो, तेल घातलं तरी फरक टिकत नाही. काय करावं?

तुमचा चाकू लाइनर लॉकचा आहे, म्हणजे मुठीच्या आतल्या पत्र्याची एक पट्टी सरकून उघडं पातं अडवते, आणि तो अंगठ्याने ढकलून एका हाताने उघडायचा. सुरुवातीला बरा चालायचा, आता जोर लावावा लागतो, आणि तेलाचा थेंब टाकला की दोन दिवस बरा वाटून पुन्हा जैसे थे होतो. तुमच्या प्रश्नातलं हे शेवटचं वाक्यच सगळ्यात कामाचं आहे. तेलाने तात्पुरता फरक पडतो, म्हणजे पातं वाकलेलं नाही आणि स्प्रिंगही बिघडलेली नाही. सांध्यात मळ आहे, आणि तुम्ही त्या मळालाच तेल पाजताय. खिशातली कापसाची तुसं, धूळ आणि जुनं तेल यांचा तिथे काळा लगदा होतो. नवं तेल पडलं की तो सैल होतो, आणि दोन दिवसांत आणखी धूळ ओढून पुन्हा घट्ट बसतो.

पण चाकू खोलायच्या आधी एक गोष्ट बघा. उघडताना तुमची बाकीची बोटं कुठे असतात? लाइनर लॉकमध्ये, आणि फ्रेम लॉकमध्येही, म्हणजे जिथे मुठीचाच एक भाग लॉकची पट्टी असतो, त्या पट्टीवर आतल्या बाजूला एक बारीक छर्रा बसवलेला असतो. चाकू बंद असताना तो पात्याच्या बुंध्यातल्या छोट्या खळग्यात बसतो, म्हणून पातं खिशात आपोआप उघडत नाही. आपण मूठ घट्ट आवळली की बोटांचा दाब त्या पट्टीवर येतो, छर्रा खळग्यात आणखी रुतून बसतो आणि अंगठा कितीही ढकलला तरी पातं हलत नाही. माझ्या हातातला एक चाकू मी महिनाभर ‘खराब’ म्हणून बाजूला ठेवला होता. एका मित्राने तो घेतला आणि सहज उघडला. त्याची मधली बोटं पट्टीच्या खाली, मुठीच्या कडेवर होती. माझी नेमकी पट्टीवर. तेव्हा आधी बोटं सरकवून दहा वेळा उघडून बघा.

आता जडपणा कुठे लागतो ते हाताने ओळखा. फक्त सुरुवातीला अडतो आणि मग सुळकन जातो? मग तो त्या छर्र्याचा धरणारा जोर आहे. तो असायलाच हवा. काही जण तो खळगा घासून किंवा लॉकची पट्टी बाहेर वाकवून हा जोर कमी करतात. कृपया तसं करू नका, पातं खिशात उघडेल. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच जड असेल तर मधला स्क्रू, म्हणजे ज्याभोवती पातं फिरतं तो, जास्त आवळलेला आहे किंवा आत जाड, चिकट वंगण आहे. करकर लागत असेल तर वाळू किंवा धातूचा कीस. आणि एकाच ठराविक जागी अडत असेल तर वॉशरच्या, म्हणजे पातं आणि पत्रा यांच्या मधल्या चकतीच्या, कडेला कंगोरा आहे किंवा पातं एका बाजूच्या पत्र्याला घासतंय. चाकू बंद करून वरून उजेडात धरलात की पातं दोन पत्र्यांच्या मधोमध आहे की एकीकडे झुकलंय ते लगेच दिसतं.

काम सुरू करण्याआधी धारेवर मास्किंग टेपचे दोन वेढे द्या. हे मी कळकळीने सांगतोय, कारण सांधा मोकळा झाला की जे पातं आत्ता ढकलावं लागतं तेच एकदम बोटांवर येतं.

पहिला उपाय, न खोलता. चाकू अर्धा उघडा ठेवा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल सांध्यात दोन्ही बाजूंनी सोडा. उघडझाप करा, पुन्हा सोडा. कानात घालायच्या कापसाच्या काडीने बुंध्याभोवती पुसा. पहिली काडी कोळशासारखी काळी निघेल, दुसरी राखाडी. काडी पांढरी निघेपर्यंत थांबू नका. इथे बहुतेक जण कंटाळतात आणि म्हणूनच त्यांचा चाकू दोन दिवसांत परत जड होतो. अल्कोहोल पूर्ण उडून गेलं की मग वॉशरच्या फटीत पातळ मशीन ऑइलचा, म्हणजे शिवणयंत्रात घालतात त्या तेलाचा, एकेका बाजूला एकच थेंब. सुईच्या टोकावर घेऊन सोडलात तर उत्तम. वीसेक वेळा उघडझाप करा आणि बाहेर आलेलं तेल पुसून टाका. तेल जास्त झालं तर सपाट वॉशर पात्याला चिकटल्यासारखे ओढतात, ओल्या काचा एकमेकींना धरतात तसे. तेव्हा थोडंसंच.

तेलाबद्दल दोन शब्द, कारण घोळ इथेच होतो. खाद्यतेल कधीही नको. हवेशी संयोग होऊन ते हळूहळू घट्ट होतं, त्याचा राळेसारखा थर बनतो. आमच्या घरातल्या एका जुन्या चाकूत कुणीतरी वर्षानुवर्षं तेच घातलं होतं. उघडला तेव्हा वॉशरवर तपकिरी कवच होतं, नखाने खरवडलं तर पापुद्रे निघाले. दुसरं, डब्ल्यूडी-४०. या फवाऱ्याचं मिश्रण १९५३ साली पाणी हटवण्यासाठी बनवलं गेलं. नावातली ‘डब्ल्यूडी’ ही अक्षरं त्याचीच, ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’ची, आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण. मळ सैल करून धुवायला तो छान आहे, पण त्याचा पातळ द्रव उडून जातो आणि मागे उरणारं वंगण सांध्याला फार काळ पुरत नाही. त्याने धुवा, पुसा, आणि वंगण म्हणून वेगळं तेल वापरा.

एवढ्याने भागलं नाही तर मधल्या स्क्रूकडे वळा. तो बहुधा टॉर्क्सचा, म्हणजे सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेचा असतो, टी-६, टी-८ किंवा टी-१०. बरोबर मापाचंच टोक वापरा, नाहीतर खाच गोल होऊन बसते. सैल करायचा तो अगदी थोडा, पूर्ण फेऱ्याच्या आठव्या भागाएवढा. मग उघडून बघा, आणि पातं पूर्ण उघडं ठेवून पाठीकडून टोकाजवळ चिमटीत धरून आडवं हलवून बघा. खटखट जाणवली तर तितकं परत आवळा. आपल्याला हवी ती जागा या दोन्हींच्या मधे आहे: पातं मोकळं फिरतंय आणि आडवं जराही हलत नाही. ती जागा सापडायला मला कधी कधी दहा-बारा वेळा मागेपुढे करावं लागतं. स्क्रू अजिबात हलत नसेल तर आट्यांना थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचा गोंद, लावलेला असतो. सोल्डरिंग आयर्नचं गरम टोक स्क्रूच्या डोक्यावर थोडा वेळ टेकवा, तो मऊ पडतो. मूठ प्लास्टिकची असेल तर इथे फार जपून.

पूर्ण खोलायचा असेल तर आधी कंपनीची हमी बघा, काही ठिकाणी खोलल्यावर ती जाते. खोलताना प्रत्येक पायरीचा फोटो काढा, कारण कोणता वॉशर कुठल्या बाजूचा हे नंतर आठवत नाही. फॉस्फर ब्राँझच्या वॉशरला कडेला कंगोरा असेल तर काचेच्या तुकड्यावर २००० नंबरचा पॉलिश पेपर ठेवा, त्यावर पाणी टाका आणि वॉशर बोटाने इंग्रजी आठच्या आकारात फिरवा, आठ-दहा फेऱ्या. फक्त कंगोरा जायला हवा. वॉशर झिजून पातळ झाला तर पातं एकीकडे झुकतं आणि पत्र्याला घासायला लागतं. जोडताना आधी मधला स्क्रू जुळवून घ्या, मुठीचे बाकीचे स्क्रू मग हलकेच आवळा. ते ताणून आवळले की पत्रे आत दाबले जातात आणि सगळी मेहनत वाया जाते.

हे सगळं स्क्रूच्या चाकूचं. रिव्हेटचा चाकू, म्हणजे स्विस आर्मी पद्धतीचा, असा जुळवता येत नाही, आणि रिव्हेटवर हातोडी चालवू नका. तो कोमट साबणाच्या पाण्यात धरून उघडझाप करा, जुन्या टूथब्रशने बुंधा घासा, नीट वाळवा आणि एक थेंब तेल. त्याच्या पाठीच्या स्प्रिंगमुळे थोडा ताण राहतोच, तो दोष नाही.

ओपिनेलसारख्या लाकडी मुठीच्या चाकूचं कारण आणखी वेगळं. तिथे पातं थेट लाकडाच्या खाचेत बसतं, आणि दमट हवेत किंवा धुतल्यावर लाकूड फुगून पात्याला आवळतं. तेल ओतून ते कमी होत नाही. उन्हात न ठेवता, सावलीत वाऱ्यावर दोन-तीन दिवस सुकू द्या, आणि पुढे मूठ पाण्यात बुडवू नका.

चाकू नवाच असेल आणि स्वच्छ असूनही जड वाटत असेल तर ब्राँझचे वॉशर अजून बसायचे आहेत. शे-दोनशे वेळा सावकाश उघडझाप केली की ते आपोआप गुळगुळीत होतात.

तुम्ही मात्र आधी बोटं बघा, मग काडी आणि अल्कोहोल. स्क्रूला हात लावलातच, तर शेवटी तो काढून आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकरचा टिपका लावून पुन्हा बसवा, आणि आठवड्याने पातं पुन्हा एकदा आडवं हलवून बघा. वॉशरवर थ्रेडलॉकर गेला तर पातं तिथेच चिकटेल, म्हणून टिपका मोहरीपेक्षाही लहान असू द्या.