आजोबांच्या ट्रंकेत सापडलेल्या या चित्रात टांगलेला माणूस येशू आहे का? चित्र खरंच जुनं असेल का?

तुम्ही लिहिलंय की उंच लाकडावर एक माणूस बांधलाय, खाली सैनिकांची गर्दी आहे आणि लॅटिन मजकुरात ‘पोलिक्रेटिस’ व ‘साल्व्हातोर रोझा’ ही नावं लागतायत. म्हणजे हा येशू नव्हे. येशूच्या पाचशे वर्षं आधी सामोस या ग्रीक बेटावर सत्ता गाजवलेला हा पोलिक्रेटिस.

त्याची गोष्ट हिरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने सांगितलीय. नशीब इतकं जोरावर की हात लावील तिथे सोनं. त्याचा मित्र, इजिप्तचा राजा अमासिस, याला त्याचीच धास्ती वाटली. त्याने कळवलं, सगळ्यात लाडकी वस्तू फेकून दे, थोडं दुःख भोग. पोलिक्रेटिसने पाचूची अंगठी समुद्रात टाकली. पाच-सहा दिवसांत एका कोळ्याने भला मोठा मासा नजराणा आणला आणि त्याच्या पोटात तीच अंगठी! शकुंतलेची अंगठी माशाच्या पोटातून निघते तेव्हा आपल्याला हायसं वाटतं. अमासिसने मात्र बातमी ऐकताच मैत्री तोडली.

पुढे ओरोइटिस या पर्शियन सुभेदाराने त्याला धनाचं आमिष दाखवलं. खातरजमा करायला आलेल्या माणसासमोर आठ पेट्या मांडल्या : आत दगड, वर सोन्याचा थर. निघताना मुलगी आडवी आली. बाप चिडून म्हणाला, सुखरूप परतलो तर तुझं लग्न लांबवीन. ती म्हणाली, बाप जाण्यापेक्षा तेच बरं. तो गेला तो गेलाच, इ.स.पू. ५२२ च्या सुमारास. त्याला कसं मारलं हे हिरोडोटस सांगत नाही, सांगण्याजोगं नाही म्हणतो. नंतर टांगलं, एवढंच. साल्व्हातोर रोझा या इटालियन चित्रकाराने १६६२ च्या सुमारास नेमकं ते टांगणंच एचिंगसाठी उचललं, म्हणजे तांब्याच्या प्लेटवर आम्लाने रेघा खोदून कागदावर छापलेल्या चित्रासाठी.

आता तुमचा कागद. मी स्वतः एचिंग करते, म्हणून आधी पट्टी घ्या असं सांगेन. मूळ प्रिंट जवळपास ४७ बाय ७२ सेंटिमीटर आहे. तुमचं वहीच्या पानाएवढं असेल तर विषय संपला. मोठं असेल तर भिंगातून बघा. ठिपक्यांची जाळी दिसली तर छापखान्यातली नक्कल. नसेल तर चित्राभोवती बोट फिरवा, प्लेट दाबली गेल्याची चौकट कागदात खोल लागायला हवी. रेघेचं टोकही बघा. आम्लाने खाल्लेली रेघ बोथट संपते, हत्याराने कोरलेली निमुळती होत जाते.

हे आम्ल दयामाया करत नाही. शिकत असताना मी एकदा फोनवर बोलत बसले, प्लेट जास्त वेळ राहिली आणि सावलीच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळून नुसतं काळं डबकं झालं. रोझाने आम्लाच्या कामावर ड्रायपॉइंटही वापरलाय, म्हणजे थेट सुईने तांब्यावर ओरखडे. त्यांची मखमली काळी कड थोड्याच प्रतींत झिजते. ती तुमच्या कागदावर असेल तर प्रिंट सुरुवातीचं असण्याची आशा धरा. फिकट, कोरडं दिसत असेल तर झिजलेल्या प्लेटवरून नंतर काढलेलं असेल. त्याच्या प्लेटा तो गेल्यावरही छापल्या जात होत्या.

कोपऱ्याचा जवळून, तिरक्या उजेडात फोटो टाका. तोवर फ्रेमवाल्याकडे नेऊ नका, तो कडा कापतो.