पार्किन्सनची गोळी दुपारीच लागू पडत नसेल तर आधी ताटाकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६८ वर्षांचे, वजन ५८ किलो, माळकरी, सांगलीजवळच्या गावात राहतात. पार्किन्सनला ६ वर्षं झाली. लिव्होडोपा-कार्बिडोपाची साधी गोळी सकाळी ८, दुपारी १ आणि रात्री ८ वाजता, तिन्ही वेळा खाण्यासोबत. सकाळी पोहे नाहीतर उपीट असतं, तेव्हा गोळी बरी लागू पडते. दुपारी भाकरी, आमटी, उसळ, वर वाटीभर दही. त्यानंतर गोळी कधी लागते, कधी लागतच नाही. पोट चार-चार दिवस साफ होत नाही. कुणीतरी कवचबीजाचं चूर्ण सुचवलंय. आणि आहार बदलून गोळ्या कमी होतील का, हे विचारलंय.

गोळ्या कमी होणार नाहीत. मेंदूत डोपामीन (हालचाली सुरळीत ठेवणारं रसायन) तयार करणाऱ्या पेशी घटल्या की त्या कुठल्याही खाण्याने परत येत नाहीत. पण घेतलेली गोळी वाया जाते की कामी येते, हे बरंचसं तुमच्या स्वयंपाकघरात ठरतं. मी आहारापुरतं सांगते. डोस आणि गोळीच्या वेळा न्यूरोलॉजिस्टच्या.

तुमच्या प्रश्नातच उत्तर दडलंय. गोळीतल्या लिव्होडोपापासून मेंदू डोपामीन बनवतो, आणि ते स्वतःच एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात तसा घटक आहे. डाळ, दूध, दही, उसळ पचली की त्यातूनही अमिनो आम्लंच सुटतात. लहान आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायचं तर या दोघांना दार एकच. दुपारी गोळी आणि आमटी-उसळ-दही एकदम पोटात गेलं की दाराशी गर्दी होते आणि गोळी मागे राहते. शिवाय भरल्या पोटातून अन्न पुढे सरकायलाही वेळ लागतो, तोवर गोळी जठरातच पडून. सकाळच्या पोह्यांत प्रथिनं जेमतेम, म्हणून सकाळची गोळी निभावते. आजार नवा असताना हा फरक जाणवत नाही. काही वर्षांनी, गोळीचा असर मधेच ओसरायला लागला की जाणवतो.

म्हणून पहिला बदल फक्त घड्याळाचा. गोळीची वेळ तीच ठेवा, जेवण पुढे सरकवा. गोळी पेलाभर साध्या पाण्याबरोबर, दुधाबरोबर नाही. त्यानंतर ३० ते ४५ मिनिटांनी खाणं. आधी जेवण झालंच असेल तर गोळीपूर्वी दीड-दोन तास जाऊ द्यावेत. रिकाम्या पोटी मळमळलं तर अर्धं केळं किंवा दोन साधी बिस्किटं चालतील, त्यात प्रथिनं नगण्य असतात. दूध, शेंगदाण्याचा लाडू किंवा राजगिऱ्याची वडी मात्र तेव्हा नको. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या आणि ही गोळी यांत किमान २ तास ठेवा, कारण लोह लिव्होडोपाला बांधून ठेवतं. गोळी हळूहळू विरघळणारी असेल तर ती चुरू नका आणि तिचं जेवणाशी गणित डॉक्टरांनाच विचारा, ते वेगळं असतं.

वडिलांना मधुमेह असेल आणि त्याची गोळी किंवा इन्सुलिन जेवणाआधी घेत असतील, तर थांबा. जेवण पाऊण तास पुढे गेलं आणि इन्सुलिन जुन्याच वेळी घेतलं तर साखर खाली येईल. दोन्ही वेळा डॉक्टरांकडून एकत्र बसवून घ्या.

दोन आठवडे एवढंच करा. बऱ्याच घरांत इथेच काम होतं. नाहीच भागलं तर दुसरी पायरी: दिवसाची प्रथिनं रात्रीकडे वळवणं. इथेच गल्लत होते. 'प्रथिनं गोळीला अडवतात' एवढं कानावर पडलं की लोक डाळ-दूधच बंद करतात. तीन महिन्यांत मांड्या सुकतात, खुर्चीतून उठवत नाही, आणि ते आजारानंच झालं असं समजतात. पार्किन्सनमध्ये वजन तसंही उतरतं: कंपाला, अंगाच्या हालचालींना ऊर्जा लागते, वास येईनासा झाल्यानं जेवण बेचव लागतं. प्रथिनं तोडायची नाहीत, हलवायची. ५८ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ४६ ते ५८ ग्रॅम हवीत.

तुमच्याच घरच्या ताटाचा हिशेब मांडते. सकाळी ८ ला गोळी, पावणेनऊला ५० ग्रॅम कोरड्या पोह्यांचे पोहे (प्रथिनं साडेतीन ग्रॅम; पुढेही कंसात प्रथिनंच), शेंगदाणे मूठभर न घालता वरून चवीपुरते. अर्धा कप चहा, त्यातल्या दुधाचं दीड ग्रॅम. अकराला पेरू किंवा पपई. १ ला गोळी, पावणेदोनला ६० ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी (६ ग्रॅम), कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत, थोडा भात, पेलाभर पातळ ताक. असं करून दिवसभरात १७-१८ ग्रॅम होतात. रात्री ८ ला गोळी आणि पावणेनऊला खरं जेवण: दोन चपात्या (६-७ ग्रॅम), ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ (९ ग्रॅम), ५० ग्रॅम पनीर (९ ग्रॅम), झोपताना पेलाभर दूध (६-७ ग्रॅम). एकूण ५० च्या आसपास. माळकरी नसते तर रात्री अंडी सांगितली असती. पनीर परवडत नसेल तर सोयाबीनच्या वड्या: ३० ग्रॅम कोरड्या वड्यांत पनीरपेक्षा जास्त प्रथिनं मिळतात.

यात दोन गोष्टी बिघडू शकतात. रात्रीच्या जड जेवणानं रात्रीची गोळी फिकी पडून अंथरुणात कूस बदलणं अवघड जाईल. तसं झालं तर पनीर संध्याकाळी पाचच्या सुमारास हलवा. दुसरं याच्या उलट: दुपारची गोळी आता पूर्ण लागू लागल्यानं अंग वळवळणं, मान-हात आपोआप हलणं सुरू होईल. हा गोळीचा जास्तीचा असर. आहार बिघडला असं समजून पुन्हा दह्याकडे वळू नका; डॉक्टरांना कळवा, ते डोस बघतील.

आता पोट. याला लोक दुय्यम मानतात, मी मानत नाही. हा आजार आतड्यांच्या हालचालीही मंदावतो, कित्येकांना कंप सुरू होण्याच्या आधी वर्षानुवर्षं बद्धकोष्ठता असते. आणि आतडं तुंबलं की जठरही सुस्त, म्हणजे गोळी पुन्हा उशिरा. दिवसाला ८ पेले पाणी (हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच), त्यातले बहुतेक संध्याकाळी सहाच्या आत, नाहीतर रात्रभर लघवीला उठावं लागेल आणि अंधारात तोल जाईल. रात्री १५-२० बेदाणे भिजत घालून सकाळी पाण्यासकट खावेत. तासगाव जवळ असताना महाग प्रुन्स कशाला? मधुमेह असेल तर बेदाणे सोडा, पेरू बियांसकट ठेवा. ज्वारीची भाकरी, मेथी, शेपू, गवार चालूच.

इसबगोल उत्तम, पण चुकीच्या पद्धतीनं घेतला तर उलटतो. एक चमचा, २५० मिलिलिटर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा आणि वर आणखी अर्धा पेला पाणी. पाणी कमी पडलं की तोच आत गोळा होऊन बसतो. औषधांपासून दोन तास लांब. आणि वडिलांना पाणी पिताना ठसका लागत असेल तर इसबगोल अजिबात नको, घशातच फुगतो. या सगळ्याने आठवड्यात फरक पडला नाही तर डॉक्टर पॉलिएथिलीन ग्लायकॉलची, म्हणजे शौच मऊ करणारी पावडर देतात. तिला कमीपणा मानू नका.

ठसक्याचा विषय निघालाच आहे. पाण्याचा ठसका, जेवल्यावर ओला घरघरता आवाज, वारंवार ताप ही गिळण्यात दोष असल्याची खूण आहे. मिरजेला दाखवायला जाल तेव्हा गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्टकडून करून घ्या. तोवर भडंग, चिवडा, फुटाणे बंद. सांगलीत भडंग बंद म्हणजे शिक्षाच, कल्पना आहे. पण कोरडे कुरमुरे आणि त्यातले शेंगदाणे घशात अडकायला सगळ्यात तयार. मऊ खिचडी, आंबील, उकड, भाकरी आमटीत कुस्करून, हे रात्रीच्या जेवणात. घास गिळताना हनुवटी किंचित खाली, मान मागे टाकून नाही. जेवण गोळीचा असर असलेल्या वेळातच उरकावं, तेव्हा गिळणंही बरं असतं.

कवचबीज, म्हणजे खाजकुइलीचं बी. यात खरोखर लिव्होडोपा असतं, म्हणूनच ते जपून. वजनाच्या साधारण ४ ते ६ टक्के, आणि बी-गणिक कमीजास्त. ५ ग्रॅमचा चमचा घेतला तर २०० ते ३०० मिलिग्रॅम लिव्होडोपा. वडिलांच्या एका गोळीत १०० असेल तर तुम्ही दोन-तीन गोळ्या मोजदाद न करता वाढवल्या. गोळीतलं कार्बिडोपा (लिव्होडोपा मेंदूत पोचण्याआधीच वाया जाऊ न देणारा घटक) अंगात आधीच असल्यानं चूर्णातल्या लिव्होडोपाचा जोरही वाढतो. रक्तदाब उतरणं, भास होणं, अंग वळवळणं यातून येतं. घ्यायचंच मनात असेल तर न्यूरोलॉजिस्टला सांगून, चोरून नाही. हळदीचंही तेच: सांगलीची हळद फोडणीत, दुधात खुशाल, पण कर्क्युमिनच्या (हळदीतल्या सत्त्वाच्या) तीव्र कॅप्सूलनं पार्किन्सन हटत नाही. रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर त्या धोक्याच्या आणि काहींच्या यकृताला त्रास देतात.

शाकाहारी आहेत म्हणून बी१२ तपासाच. लिव्होडोपा दीर्घकाळ घेणाऱ्यांत आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांत ते आणखी घसरतं. पायांना मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा हे सगळं पार्किन्सनच्या नावावर खपून जातं. अहवालात मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर इंजेक्शन किंवा गोळ्या लागतात, दूध-ताकाने भरून निघत नाही. सोबत ड जीवनसत्त्वही बघा. 'नसांचं टॉनिक' म्हणून बी६ च्या जोरदार गोळ्या महिनोन्महिने स्वतःहून देऊ नका, जास्त बी६ नसाच खराब करतं.

उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर घरीच रक्तदाब मोजा: आडवं असताना, मग उभं राहून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं घसरला तर डॉक्टरांना दाखवा. तोवर सकाळी अंथरुणातून उठण्याआधी दोन पेले पाणी, आणि एका वेळी ढीगभर भात नको; मोठ्या जेवणानंतर दाब पडतो.

एकादशीचं विचारलं नाहीत, पण महिन्यातून दोनदा येते. उपवास असला तरी गोळी चुकवायची नाही. अचानक बंद झालेल्या गोळीनं अंग लाकडासारखं ताठ होऊन जोराचा ताप येऊ शकतो, ती रुग्णालयाची वेळ. साबुदाण्यानं पोट आणखी बांधलं जातं. भगर, रताळं, ताक आणि फळं बरी. दाण्याची आमटी हवी तर रात्री.

सात दिवस वही ठेवा: गोळी किती वाजता, काय खाल्लं किती वाजता, अंग कधी मोकळं झालं, कधी अडकलं, शौच झाली का. पुढच्या भेटीत ती डॉक्टरांपुढे ठेवा, 'दुपारी बरं नसतं' यापेक्षा त्यांना तिच्यातून पुष्कळ कळेल. आणि वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहा: 'पार्किन्सन आहे. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन देऊ नये.' ही दोन्ही औषधं डोपामीन अडवतात, आणि रात्री-अपरात्री उलट्या होऊन गावातल्या दवाखान्यात नेलं तर तीच पटकन टोचली जातात.