रॉ फाइल उघडलीस, आता आधी हे कर

इंदूरजवळच्या पाताळपाण्याचा तुझा फोटो पाहिला. धबधबा छान पकडलायस, पण ढग पांढरेफटक झालेत आणि कडा निळा पडलाय. घाबरू नकोस. जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने आवळून दिलेल्या तयार फोटोत, प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात; १४ बिटच्या रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, १६,३८४. म्हणून सुधारायला भरपूर वाव आहे.

सुरुवातीला एवढंच, याच क्रमाने:

- फाइली दोन ठिकाणी उतरव, उघडून बघ, मगच कार्ड फॉरमॅट कर. मी एकदा इंदूरला परतताना गाडीतच घाई केली आणि जानापाव टेकडीवरची अख्खी सकाळ गमावली. अजून हळहळ वाटते.
- लेन्सचं प्रोफाइल (लेन्सचे दोष आपोआप दुरुस्त करणारी सेटिंग) लाव, क्षितिज सरळ कर.
- व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाची निळी-पिवळी झाक काढणं. पावसाळी उजेडात ऑटोवर विसंबू नकोस. ६००० ते ६५०० केल्विनच्या (या झाकेचं माप) आसपास नेऊन बघ. ओला काळा दगड काळाच दिसायला लागला की थांब.
- मग हायलाइट्स, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, खाली ओढ. हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटून कापला गेला असेल, तर तिथलं बरंचसं परत येत नाही. पुढच्या वेळी एक्स्पोजर थोडं कमी ठेव.
- आकाश १०० टक्क्यांवर मोठं करून सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके पूस.

नवीन मंडळी नेमकी उलटी सुरुवात करतात: आधी सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा), मग क्लॅरिटी (बारकाव्यांचा उठाव). आपल्या माळव्यातलं श्रावणातलं गवत मुळातच इतकं हिरवं, की जरा ओढलं तरी प्लास्टिकसारखं दिसतं. मास्क, लेयर वगैरे पुढची साधनं महिनाभर विसर.

तीच फाइल पुन्हा पहिल्यापासून कर आणि मला दाखव. नजर तुझी चांगली आहे.