गिरणीची जमीन गेली कुठे?

प्रश्न : गिरण्या बंद पडल्यावर त्यांची एक तृतीयांश जमीन मैदानांना मिळणार, असं लहानपणापासून ऐकलं. आमच्या करी रोड-लोअर परळला ती मैदानं दिसत का नाहीत?

उत्तर : तुम्ही ऐकलं ते खरं आहे. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत १९९१ साली ५८ क्रमांकाचा नियम आला. पाच ते दहा हेक्टरांच्या गिरणीची वाटणी अशी होती : ३३ टक्के महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, ३४ टक्के म्हाडाला घरांसाठी, ३३ टक्के मालकाला. गिरणी लहान असेल तर मालकाचा वाटा वाढून ४० टक्के होई, मोठी असेल तर ३०.

२००१ साली नियम बदलला. वाटणी पूर्ण जमिनीची न राहता फक्त मोकळ्या तुकड्याची झाली. गिरणीत खात्याला खातं, म्हणजे विभागाला विभाग, चिकटलेलं, मधे गल्ली तेवढी सुटलेली. मोकळं असणार किती? समजा, गिरणी ६ हेक्टरांची, म्हणजे ६०,००० चौरस मीटर, आणि त्यातले ४८,००० शेडखाली. जुन्या नियमाने मैदानाला १९,८०० चौरस मीटर मिळाले असते. नव्या नियमाने वाटायला उरले १२,०००, त्याचे ३३ टक्के म्हणजे ३,९६०. सरळ एक पंचमांश! शेड पाडून तेवढंच बांधकाम मालकाला नव्याने करता येतं, ते वेगळंच. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये कामगार आणि शहराच्या बाजूने निकाल दिला होता, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००१चा बदल कायम ठेवला. गिरणगावावरचा हा सर्वांत मोठा अन्याय आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तुमच्या गिरणीचा हिशेब हवा असेल तर माहिती अधिकारात महापालिकेकडे मंजूर आराखडा, तिन्ही वाट्यांचं क्षेत्रफळ आणि ताबा पावतीची तारीख मागा. नुसतं 'मैदान कुठे आहे' असं विचारू नका. त्यावर 'आरक्षित आहे' एवढंच उत्तर मिळू शकतं. ताबा कधी घेतला, हे तारखेवरूनच कळतं.

प्रश्न : वडील गिरणीत साचेवाले (मागावरचे कामगार) होते, आता हयात नाहीत. गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडाच्या घरासाठी कोणता कागद जपून ठेवू?

उत्तर : सगळेच ठेवा : लाल पास, तिकीट नंबर (कामगाराचा गिरणीतला क्रमांक), ओळखपत्र, हजेरीपत्रक, पगारपावती, ईएसआय (कामगार विमा) कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची पावती. पात्रतेची अट १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर पटावर असण्याची आहे, म्हणून ज्या कागदावर साल छापलंय तो सर्वांत मोलाचा. ओळखपत्रावर बऱ्याचदा नोकरीला लागल्याची तारीखच असते. निधीच्या वार्षिक पावतीवर वर्ष मिळतं.

घोटाळा होतो नावात. गिरणीच्या दप्तरी आडनाव नसतं किंवा गावाचं नाव लागलेलं असतं, आणि मृत्यूच्या दाखल्यावर वेगळंच. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि वारसाचे कागद आतापासून तयार ठेवा. तिकीट नंबर सगळ्या कागदांवर सारखा आहे का, तेही ताडून बघा. मूळ प्रत कुणा मध्यस्थाच्या हाती देऊ नका.

प्रश्न : गिरणीचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं का असायचं?

उत्तर : प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि तोंड उत्तरेला. आपल्याकडे वर्षातला बहुतेक काळ सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेकडून मऊ, एकसारखा उजेड येतो आणि तुटलेला धागा चटकन दिसतो. थेट ऊन आत आलं तर हवा कोरडी पडते, आणि कोरड्या हवेत सूत जास्त तुटतं.