घरी बाळंतपण करायचं ठरतंय, बर्थिंग पूल घ्यावा का?

कळा सोसायला पाणी चांगलं. लेकरू मात्र पाण्याबाहेर होऊ द्या. आणि घरी बाळंत व्हायचं की नाही, हे टब बघून ठरवू नका.

ताई, तुम्ही लिहिलंय की परभणीला राहता, दुसरी खेप आहे, चौतिसावा आठवडा चालू आहे. पहिल्या वेळी दवाखान्यात फार हाल झाले म्हणून या वेळी घरीच करायचं, आणि मालक म्हणतात फुगवायचा बर्थिंग पूल, म्हणजे कळांच्या वेळी पाण्यात बसायचा टब, मागवू. घ्यावा का आणि कुठला घ्यावा, असं विचारलंय. कुठला ते विकणारा सांगेल. घ्यावा का हे मी सांगते, कारण मी घेतला होता. लातूरला, मे २०१६ मध्ये.

लातूर आणि मे २०१६ म्हटल्यावर मराठवाड्यातल्या माणसाला पुढं काही सांगावं लागत नाही. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलेलं. पाण्यावरून भांडणं नकोत म्हणून मार्चमध्येच टाक्यांभोवती १४४ कलम लागलेलं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. आमच्या गल्लीत टँकर आठ-नऊ दिवसांनी यायचा आणि घरटी दोनशे लिटर द्यायचा. माझ्या टबाला सहाशे लिटर लागत होतं. अर्धा भरून भागत नाही. बसल्यावर पोटावरून पाणी गेलं तरच अंग हलकं होतं, नाहीतर नुसतंच ओलं होऊन बसायचं.

तरी मी हट्ट केला. पहिल्या बाळंतपणाला खाजगी दवाखान्यात होते. टेबलावर उताणी निजवून पाय पट्ट्यांत अडकवले, सहा तास कूस बदलू दिली नाही, आईला दाराबाहेर उभं केलं. टाके घालताना मी ओरडले की भूल लागली नाही, तर तिथली बाई म्हणाली, "तेव्हा बरं वाटलं ना?" हे वाक्य मी अजून विसरले नाही. तुमचे हाल काय झाले ते तुम्ही लिहिलं नाही, पण मला अंदाज आहे. घरी बाळंत व्हायचं म्हणणाऱ्या बाईला लोक अडाणी म्हणतात, ते मला सहन होत नाही. ती अडाणी नसते. तिचा एकदा अपमान झालेला असतो.

पाण्यात बसायचं हे थेर नाही, हेही आधी सांगते, कारण आमच्या घरात ते दहा वर्षं थेर म्हणूनच चाललंय. माझी आजी अडलेल्या बाईला न्हाणीत पाटावर बसवून कंबरेवर तांब्यातांब्यानं कढत पाणी सोडायची. फ्रान्समध्ये पिथिव्हिए गावच्या सरकारी दवाखान्यात मिशेल ओदाँ या डॉक्टरांनी कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून कोमट पाण्याचा हौद ठेवला. काही बाया बाहेर यायलाच तयार नसत, म्हणून लेकरं पाण्यात झाली. १९८३ मध्ये त्यांनी ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. तेव्हापासून झालेल्या अभ्यासांत एक गोष्ट बऱ्यापैकी पक्की झाली आहे: कळांच्या काळात पाण्यात बसलेल्या बाईला मणक्यातल्या भुलेची गरज कमी पडते. प्रत्यक्ष जन्म पाण्यात होण्याबद्दल मात्र एकमत नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की जन्म बाहेरच व्हावा.

माझी मावशी औसा तालुक्यात उपकेंद्रावर एकतीस वर्षं नर्सबाई होती. बीडकडून आमच्या भागातल्या साखर कारखान्यांवर ऊस तोडायला येणाऱ्या टोळ्यांतल्या बायांची बाळंतपणं तिनं उसाच्या फडात केली, कोपीत केली, एकदा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत केलं. टबाचं ऐकून ती म्हणाली, "ज्यायला दवाखाना भेटत नाही त्या घरी बाळंत होत्यात. तू शिकलेली, तू कामून घरी बसायलीस?" मी रडले, मग ती तयार झाली. पण तिच्या अटी होत्या. सरकारी दवाखान्यात नाव नोंदवलेलं पाहिजे. नवव्या महिन्याच्या सुरुवातीपासून गाडी दारात, ड्रायव्हरसकट. ऑक्सिटोसिनची, म्हणजे गर्भपिशवी आकसवून रक्त थांबवणारी, इंजेक्शनं बर्फात ठेवायची, कारण ते औषध उन्हाळ्यात बाहेर ठेवलं तर त्याचा गुण जातो आणि आमच्याकडं लाइटचा भरवसा नव्हता. आणि शेवटची अट: "मी उठ म्हणेन तव्हा उठायचं. का म्हणून इचारायचं नाही."

आमच्या यांनी खाजगी टँकरवाल्याकडून हजार लिटर बोअरचं पाणी घेतलं आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीत चढवलं. गल्लीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन ओट्यावर बसलेल्या होत्या आणि त्यांच्यासमोरून तो पाइप आमच्या जिन्यानं वर गेला. कुणी काही बोललं नाही. समोरच्या काकूंनी फक्त पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि आत गेल्या. मला ते आजही लागतं.

दुपारी दोनला कळा सुरू झाल्या. टाकीचा नळ सोडला तर पाण्यात हात घालवेना. थर्मामीटर ४५ दाखवत होता. सगळीकडं पाणी तापवायचं कसं ते सांगतात, आमच्यापुढं निववायचं कसं हा प्रश्न होता. ब्रिटनच्या दवाखान्यांत नियम आहे की पाणी ३७.५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही आणि तासातासाला पाण्याचं आणि बाईचंही तापमान बघायचं, कारण आई तापली की पोटातल्या लेकराचे ठोके वाढतात. रांजणातलं गार पाणी घालावं तर पिण्याचं तेवढंच होतं. मग आम्ही पाणी टबात सोडून पंखा लावला आणि पाच तास वाट बघितली. तोवर तळाला तांबूस गाळ बसला. मावशीनं ओंजळीत पाणी घेऊन वास घेतला आणि म्हणाली, "ह्याच्यात बसायचं तर बस. लेकरू ह्याच्यात येऊ देणार नाही मी." टँकरचं पाणी कुठल्या विहिरीचं, कुठल्या बोअरचं, टाकी कधी धुतलेली, कुणाला माहीत असतं? तुमच्याकडं तरी माहीत आहे का, ते बघा.

संध्याकाळी सातला मी उतरले. आणि खरं सांगते, ताई, ते तीन तास माझ्या आयुष्यातले चांगले तास आहेत. लाइट गेलेली, खिडकीत कंदील, पंखा बंद. कळ यायला लागली की मी टबाच्या फुगलेल्या कडेवर हनुवटी टेकवायचे आणि गुडघ्यांवर यायचे. पाठीतून करवत फिरल्यासारखी कळ पाण्यात यायची आणि मांड्यांपर्यंत पसरून जायची. कुणी निजवत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. मावशी स्टुलावर बसून दर पंधरा मिनिटांनी पोटाला यंत्र लावून ठोके ऐकायची आणि वहीत लिहायची.

पावणेदहाला ती म्हणाली, "उठ."

मी उठले नाही. रडले, पाय धरले म्हटलं तरी चालेल. हेसुद्धा म्हणाले, "मावशी, राहू द्या ना, तिला बरं वाटतंय." तिनं काखेत हात घालून मला उभं केलं. "कामून रडायलीस? मला बघू दे की नीट." खाली गादीवर मेणकापड आणि त्यावर जुन्या धोतराची धडपी अंथरलेली होती. सव्वादहाला पोरगी झाली, लगेच रडली. अर्ध्या तासात वार पडली. आणि मग रक्त थांबेना.

तिला कसं कळलं, ते नीट वाचा. एक धडपं पूर्ण भिजलं म्हणजे साधारण किती रक्त, हे तिला पाठ होतं. ती भिजलेलं प्रत्येक धडपं घमेल्यात टाकत मोजत होती. चौथ्याला तिचं बोलणं बंद झालं. हात माझ्या ओटीपोटावर. बाळंत झाल्यावर पिशवी नारळासारखी घट्ट लागायला पाहिजे, माझी सैल भिजवलेल्या कणकेसारखी लागत होती. तिनं इंजेक्शन दिलं, पोट चोळत राहिली आणि यांना एकच शब्द बोलली: "गाडी." बारा मिनिटांत दवाखाना. दोन बाटल्या रक्त चढलं. भरल्या दिवसांत पिशवीकडं मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त वाहत असतं, आणि बाळंतपणात अर्ध्या लिटरपेक्षा जास्त गेलं तर तो जास्तीचा रक्तस्राव धरतात. म्हणजे हिशोब मिनिटांचा आहे.

तेव्हापासून मोठ्या जाऊबाई हळदीकुंकवाला, बारशाला, जिथं चार बाया भेटतील तिथं सांगतात, "हिच्या टबापायी जीव जायची वेळ आली होती." आणि आमचे हे अजून म्हणतात, मावशीनं ओढून काढली म्हणून पिशवी सैल पडली, पाण्यात राहिली असती तर काही झालं नसतं. दोघंही चूक आहेत आणि हे मला एकदा लिहून टाकायचंच होतं. टबानं रक्त गेलं नाही. पिशवी आकसली नाही म्हणून गेलं, ते टेबलावरही होतं. आणि पाण्यात राहिले असते तर ते कुणाला दिसलंच नसतं. यांना पटावं म्हणून मी एकदा अंगणात दोन भरलेल्या बादल्या ठेवल्या. एकीत एक चमचा कुंकू कालवलं, दुसरीत चार चमचे. विचारलं, जास्त कुठल्यात? दोन्ही लाल. ते नुसते बघत राहिले आणि आत निघून गेले. दोन बादल्यांत कळेना, मग सहाशे लिटरमध्ये कंदिलाच्या उजेडात काय कळणार होतं? एवढंच नाही. पाण्यातून लेकरू वर उचलताना नाळ ताणून तुटायचा धोका असतो, आणि खांदा अडकला तर ओल्या बाईला टबाबाहेर काढण्यातच वेळ जातो.

तेव्हा घरी ठरवताना टबाची किंमत विचारण्याआधी हे विचारा: माझ्या घरात रक्त मोजणारं कोण आहे, ते थांबवायचं इंजेक्शन कुणाच्या हातात आहे, आणि परभणीच्या कुठल्या कोपऱ्यातून दवाखाना किती मिनिटं. १०८ ला फोन केला तर गाडी येते, पण ती येईपर्यंतची मिनिटं तुमची असतात. हौशी सुईण, व्हिडिओ बघून शिकलेली मैत्रीण, फोनवरची बाई, यातलं कुणी चालणार नाही. तुमच्याकडं माझ्या मावशीसारखी बाई नसेल तर दवाखान्यात जा. पण जाण्याआधी तिथं भांडा. सोबतीला आपली बाई ठेवायची, कळांमध्ये चालू द्यायचं, कुशीवर होऊ द्यायचं, हे आधी बोलून घ्या. २०१७ पासूनच्या केंद्राच्या 'लक्ष्य' कार्यक्रमात सरकारी दवाखान्यांनाही बाळंतिणीला मानानं वागवायला आणि सोबत ठेवू द्यायला सांगितलंय. बाथरूममध्ये स्टुलावर बसून कंबरेवर गरम पाणी घेता येतं, त्याला सहाशे लिटर लागत नाही. मोठ्या शहरांत काही दवाखान्यांत टबही असतो.

जुळं, पायाळू, बीपी, साखर, आधीचं सिझेरियन, सदतीस आठवड्यांच्या आत कळा, यात टबाचा विषयच नाही. हे तुम्हाला माहीत असेलच. टब वरच्या मजल्यावर किंवा माळवदावर ठेवू नका, सहाशे लिटर म्हणजे सहाशे किलो, वर तुम्ही. आणि आधी दोन दिवस भरून गरम ठेवू नका. २०१४ मध्ये इंग्लंडात अशा तापवून ठेवलेल्या टबात झालेल्या लेकराला लीजिओनेला या पाण्यात वाढणाऱ्या जंतूचा न्यूमोनिया झाला होता.

आता एक गोष्ट, जी मी सुरुवातीलाच लिहायला पाहिजे होती. पहिल्या बाळंतपणातही मला जास्त रक्त गेलं होतं. रक्त चढवावं लागलं नव्हतं, दोन इंजेक्शनं आणि दोन दिवस जास्त ठेवलं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. सुट्टीच्या कार्डावर एका ओळीत इंग्रजीत लिहिलेलं होतं. एकदा झालं की पुन्हा व्हायची शक्यता वाढते. त्या एका ओळीवरून मी घरी बाळंत व्हायलाच नको होतं, मावशी असो वा नसो. मी ते कार्ड तिला दाखवलं नाही, कारण मला माहीत होतं ती नाही म्हणेल. दोन वर्षांनी दाखवलं. तिनं चष्मा लावून वाचलं, घडी घालून माझ्या हातात दिलं आणि त्या दिवशी न जेवता औशाला गेली.

म्हणून आज तुमच्या पहिल्या बाळंतपणाचं कार्ड काढा. इंग्रजी लागत नसेल तर उपकेंद्रातल्या सिस्टरकडून ओळ न ओळ वाचून घ्या. रक्त तपासा. आपल्या देशात निम्म्याहून जास्त गरोदर बाया रक्तानं कमी असतात, २०१९-२१ च्या पाहणीत ५२ टक्के, आणि अशा बाईला अर्धा लिटरही झेपत नाही. कार्डावर तसलं काही नसेल, हिमोग्लोबिन अकराच्या वर असेल, शिकलेल्या हाताची बाई रात्रभर बसायला तयार असेल आणि गाडी दारात असेल, तर घ्या टब. ती उठ म्हणेल तेव्हा मालकांनी मध्ये बोलायचं नाही, हेही त्यांना आत्ताच सांगून ठेवा.