पाळकसाहेब, वर्ग चर्चमध्ये हलवा

ताई, सप्रेम नमस्कार.

मी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात पाळक आहे. वय ४६. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मुलगा दहावीला, मुलगी चौथीत. आमच्या चर्चच्या मंडळीतली बरीच कुटुंबं दसरा झाला की ऊसतोडीला जातात. मुलं मागे आजी-आजोबांपाशी राहतात. अशा मुलांचा मी रोज संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासवर्ग घेतो, पाळकगृहाच्या पुढच्या खोलीत. यंदा चौदा मुलं आहेत. शिवाय माणसांची ये-जा असतेच. कुणाचं रेशनकार्ड, कुणाचा दवाखाना, कुणाच्या घरचं भांडण. वर्ग चर्चमध्ये घ्यावा असं मी कमिटीत एकदा सुचवलं होतं. खजिनदारांनी विजेच्या बिलाचा मुद्दा काढला, म्हणून मी विषय वाढवला नाही.

पत्नीला हे आता सहन होत नाही. 'वर्ग बंद करा, नाहीतर मी मुलांना घेऊन माहेरी जाते,' असं ती परवा म्हणाली. ती स्वतः शिक्षिका, तिला तरी कळायला हवं. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक संसाराकडे बघत बसले असते तर त्यांच्या हातून सेवा झाली असती का? बायबलमध्ये इथ्रोने जावई मोशेला कामं वाटून देण्याचा दिलेला सल्ला मानून मी मंडळीत गटप्रमुखही नेमले आहेत. एक समाधान आहे, मुलाला देवाची ओढ आहे. इकडे वर्ग सुरू झाला की तो चर्चमध्ये जाऊन एकटाच बसतो. आमचं चर्च जुनं, दगडी, मोठं. व्यासपीठाजवळचा एकच दिवा लावतो, बाकीचे बंद ठेवतो. जाताना पत्नी त्याच्या हातात शाल देते, म्हणजे तिच्याही मनात श्रद्धा आहेच. तिला कसं समजावू?

— एक पाळक

पाळकसाहेब,

वहिनींना समजावू नका. त्यांना सगळं समजलेलं आहे. समजायचं राहिलंय ते तुम्हाला, आणि तेही तुम्ही स्वतःच पत्रात लिहून पाठवलंय.

प्रार्थनेला दिवा लागत नाही. दहावीतला मुलगा अंधारातही देवाशी बोलू शकतो, त्या वयात तर अंधारातच बोलावंसं वाटतं. दिवा लागतो तो पुस्तकाला. तुमच्या मुलाचं बोर्डाचं वर्ष आहे. संध्याकाळी सातला घरातली पुढची खोली चौदा मुलांनी भरते, मग आत स्वयंपाकघरात आई आणि चौथीतली बहीण. पोरगं दप्तर उचलतं आणि गावातल्या एकमेव रिकाम्या इमारतीत जाऊन बसतं. तो वर्ग सुरू झाला की जातो हे तुम्हीच लिहिलंय. देवाची ओढ वर्गाच्या वेळापत्रकानुसार लागत नसते.

आणि तो एकच दिवा लावतो. का, ते त्याला विचारलंत? मी सांगते. खजिनदारांचा तो विजेच्या बिलाचा मुद्दा तुम्ही घरी जेवताना बोलला असणार. मुलाने तो ऐकला. कमिटी आपल्या वडिलांना बोल लावेल म्हणून त्या एवढ्या मोठ्या चर्चमध्ये तो एका दिव्याखाली बसतो. तुमची अब्रू तो राखतोय, पाळकसाहेब, आणि तुम्ही त्याला भक्ती समजून समाधान मानताय.

शालीचंही तेच. पाच मिनिटांच्या प्रार्थनेला जाणाऱ्या मुलाला आई शाल देत नाही. डिसेंबरात, नगरच्या थंडीत, दगडी भिंतींच्या आत दोन तास बसायचं असतं तेव्हा देते. वहिनींना ठाऊक आहे तो कशाला जातो. त्या रोज संध्याकाळी स्वतःच्या मुलाला घराबाहेर जाताना बघतात, आणि दुसऱ्यांची मुलं आत बसलेली असतात. वर्ग बंद करा असं त्या म्हणतात ते त्या चौदा मुलांच्या रागाने म्हणत नाहीत. शिक्षिका आहेत त्या. ऊसतोडीला गेलेल्या घरांतली मुलं शाळेतून कशी गळतात हे त्यांनी हजेरीपटावर पाहिलेलं असणार.

तरी थोडा राग मला वहिनींचाही येतो. शाल देऊन त्या गप्प राहिल्या. 'तुमचा मुलगा तिकडे गारठ्यात अभ्यास करतोय,' हे एक वाक्य तुमच्या तोंडावर फेकायला हवं होतं. त्याऐवजी माहेरची भाषा केली, आणि मूळ गोष्ट बाजूलाच राहिली. हे पत्र त्यांनाही वाचायला द्या.

आता खजिनदारांकडे वळू, कारण माझ्या मते सगळी गाठ तिथे आहे.

चर्चमध्ये वर्ग घ्यायचं तुम्हाला सुचलं होतं. बरोबरच सुचलं होतं. एका माणसाने बिलाचं नाव काढलं आणि तुम्ही विषय सोडून दिलात. दोन तास चार दिवे आणि दोन पंखे, थंडीत तर पंखेही नाहीत, याचं बिल किती येणार? कागद-पेन घेऊन हिशेब मांडायला पाच मिनिटं पुरली असती. तुम्ही मांडला नाहीत, कारण कमिटीत वाद घालणं तुम्हाला जड जातं. मग तोच वर्ग घरात आणलात. घरात वाद घालणारं एकच माणूस होतं, आणि त्या माणसाला कमिटीत मत नव्हतं. बाहेर पडतं घ्यायचं आणि घरात उपदेश करायचा, याला तुम्ही त्याग म्हणता. मला तो भिडस्तपणा दिसतो. आणि त्याची किंमत बायको-मुलं मोजताहेत.

हे मी कठोरपणे लिहितेय, कारण पाळकांच्या घरात वाढलेल्या मुलांची पत्रं माझ्याकडे येतात. मुलं तेव्हा लिहीत नाहीत, मोठी झाल्यावर लिहितात. एका बाईंचं पत्र मला विसरता येत नाही. आता पुण्यात नोकरी करतात. शाळेत असताना त्यांना टायफॉइड झाला होता. वडील पूर्ण आठवडा उशाशी बसून होते, मोसंबी सोलून देत होते. बाई लिहितात, 'बरं व्हायला लागले तशी मला भीती वाटायला लागली, आता पप्पा परत लोकांत जाणार. म्हणून मी थर्मामीटर चहाच्या कपाला लावून ठेवायची.' वडील गावाला देवमाणूस वाटायचे. वाटायचे काय, होतेच. बाई आज चर्चला जात नाहीत.

तुमच्या मुलाचं तसं होईल असं मी म्हणत नाही. तो तर चर्चमध्येच जाऊन बसतोय. पण त्या इमारतीशी त्याचं नातं आज जे जुळतंय ते घरात जागा नाही म्हणून जुळतंय, एवढं लक्षात ठेवा.

तुम्ही इथ्रोचं नाव घेतलंत. बायबलमधल्या निर्गमाचा अठरावा अध्याय. पाळकांच्या शिबिरात तो हमखास वाचला जातो, हजारांवर नायक, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर, कामाची वाटणी कशी करावी. पण तो अध्याय सल्ल्यापासून सुरू होत नाही, पहिल्या ओळींपासून वाचा. इथ्रो मिद्यानाहून रानात एकटा येत नाही. मोशेने माघारी पाठवलेली त्याची बायको सिप्पोरा आणि दोन मुलं, गेर्षोम आणि अलियेजर, यांना घेऊन येतो. मोशे सामोरा जातो, सासऱ्याला नमन करतो, त्याचं चुंबन घेतो, दोघं एकमेकांचं क्षेमकुशल विचारतात, तंबूत जातात. मग मोशे सासऱ्याला मिसरातली सगळी हकिकत सांगतो. बायकोशी तो काय बोलला? इतक्या दिवसांनी दिसलेल्या मुलांना जवळ घेतलं का? अध्यायात एक अक्षर नाही. आणि दुसऱ्याच दिवशी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचा न्यायनिवाडा करत बसतो. ते पाहून इथ्रो म्हणतो की हे तू करतोस ते बरं नाही, तू झिजून जाशील.

आपण हा सल्ला एखाद्या कार्यकुशल माणसाचा म्हणून वाचतो. पण बोलणारा सासरा आहे. लेक आणि नातवंडं पोचवायला आला होता, आणि जावई दिवसभर रांगेत उभ्या असलेल्या लोकांत अडकलेला त्याने पाहिला. तुम्ही गटप्रमुख नेमलेत, फार छान. पण त्यातून मोकळी झालेली संध्याकाळ गेली कुठे? ती सिप्पोराच्या तंबूत पोचली नाही, एवढं तुमच्या पत्रावरून दिसतं.

आणि टिळकांचं. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. पुढची काही वर्षं नवरा-बायको वेगळी राहिली. १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. हे सगळं आज आपल्याला इतक्या जवळून ठाऊक आहे ते लक्ष्मीबाईंनी पुढे सविस्तर लिहून ठेवलं म्हणून. नवऱ्याचा लहरीपणा, हातात पैसा न टिकणं, घरची ओढाताण, सगळं लिहिलं, आणि त्यावरची स्वतःची मायाही लपवली नाही. टिळकांच्या घरात परक्यांची मुलं वाढली हे खरं आहे. त्यांना न्हाऊ-जेवू घालणारे हात लक्ष्मीबाईंचे होते. टिळकांचा दाखला द्यायचा असेल तर निम्मा देऊ नका. आणि वहिनींच्या तोंडावर तर मुळीच देऊ नका. त्यांनी लक्ष्मीबाईंचं लिखाण वाचलं असेल तर उत्तर त्यांच्यापाशी तयार आहे.

वर्ग बंद करा असं मी म्हणणार नाही. तो बंद पडला तर मला वाईट वाटेल. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, तोडीच्या कोयत्याला माणूस कमी पडतो, मग आठवी-नववीतलं पोर उसाच्या फडावर जातं, आणि एकदा गेलं की मार्चमध्ये हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत परत येत नाही. परत आलं तरी शाळेत बसायला लाजतं. घरी आजी असते, तिला अक्षर येत नाही. अशा मुलांना रोज दोन तास कुणीतरी हाक मारून बसवतंय, गृहपाठ तपासतंय, 'काल का नाही आलास?' असं विचारतंय, हे मोठं काम आहे. तुम्ही ते निष्ठेने करताय याबद्दल मला शंका नाही, आणि तुमच्याबद्दल आदर आहे म्हणूनच इतकं लिहितेय.

फक्त जागा बदला. चर्चमध्ये तुमचा मुलगा आणि घरात गावाची मुलं, हे उलटं झालंय ते सुलटं करा. येत्या सोमवारपासून वर्ग चर्चमध्ये. 'कमिटीपुढे विषय ठेवतो,' असं मला लिहून कळवू नका. विषय ठेवून झाला आहे, आता निर्णय सांगायचा आहे. रविवारी उपासनेच्या शेवटी मंडळीच्या सूचना वाचता, त्यातच सांगा: सोमवारपासून मुलांचा अभ्यासवर्ग सात ते नऊ इथे भरेल, आणि ज्यांना माझ्याकडे काम असेल त्यांनीही त्याच वेळात इथेच यावं. वेस्ट्रीत, म्हणजे चर्चला लागून असलेल्या खोलीत, एक टेबल आणि दोन खुर्च्या टाका. रेशनकार्डाचे कागद, दवाखान्याची चिठ्ठी, भांडणं, सगळं तिथे. मुलं अभ्यास करतील, तुम्ही मधल्या दारातून दोन्हीकडे लक्ष ठेवा. आजारपण, मयत, रात्रीची निकड यांना पाळकगृहाचं दार उघडंच राहील, हे वेगळं सांगायला नको. ते गावाला कळतं.

कुणी चुळबुळ केली की उपासनेच्या जागी फळा कसा मांडायचा, तर त्यांना आपल्याच जिल्ह्याचा इतिहास सांगा. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरला आले. त्यानंतर कितीतरी खेड्यांत शाळेची खोली आणि उपासनेची खोली एकच होती. आठवडाभर पाट्या, रविवारी गीतं. आजच्या कमिटीतल्या किती जणांचे आजे-पणजे तशाच खोलीत अक्षर शिकले, हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्या.

आणि मुलासाठी पुढची खोली रिकामी ठेवा. तिथे त्याचं टेबल मांडा, उजेड नीट पडेल असं. सतरंज्या, फळा, चपलांचा ढीग, सगळं उचलून न्या. ही हलवाहलव रविवारी दुपारी तुम्ही स्वतः करा, वहिनींवर टाकू नका. मुलाला सोबत घ्या. त्या वेळी त्याला फार काही समजावू नका, माफीचं भाषणही नको. 'तू तिकडे अभ्यास करत होतास हे मला कळायला उशीर झाला,' एवढं बोला आणि टेबलाचं एक टोक धरा. त्याला तरीही अधूनमधून चर्चमध्ये बसावंसं वाटलं तर बसू द्या. तेव्हा तो कशाला जातो ते तुम्हाला खरोखर कळेल.

नऊला वर्ग सुटला की थेट घरी. जेवण सगळ्यांनी एकत्र. चौथीतल्या मुलीबद्दल तुम्ही एका शब्दापलीकडे काही लिहिलेलं नाही, तिच्याकडे जरा बघा.

खजिनदार बिलाचं बोलतीलच. पहिल्या महिन्याचं बिल हातात येऊ द्या, मागच्या महिन्याच्या बिलाशी ताडून बघा, आणि जो फरक निघेल तो किती रुपये आहे ते पुढच्या रविवारी मंडळीपुढे आकड्यासह वाचा. दानार्पणाची थैली फिरायच्या आधी.